राजपाल मिस्त्रीची उजळणी

कामरगावात बसस्टँडच्या मागे राजपाल मिस्त्रीचं मोटार बांधायचं दुकान. पंपाची जळालेली मोटार उघडायची, जुनी तार काढायची, नवी तार वेढे मोजून बसवायची, हा धंदा. शाळा सातवीपर्यंत. पुढचं सगळं तो स्वतःच शिकला, आणि साठी आली तरी शिकायचं थांबवेना. मला त्याची चीडच यायची. मी बत्तीस वर्षं मास्तरकी केली. नोकरी लागली त्या दिवशी पुस्तक मिटलं ते मिटलंच.

दुकान उघडलं की गिऱ्हाईक ताटकळत असलं तरी तो आधी वही काढायचा. डावीकडे मोटारीचं नाव, उजवीकडे वेढे. उजवी बाजू तळहातानं झाकायची, स्वतःलाच विचारायचं, मग हात उचलून बघायचं. चुकलं की फुली. फुली पडलेली मोटार वहीत बघूनच बांधायची, हा त्याचा नेम.

"मॅट्रिकले बसता काय?" मी चिडवायचो. तो हसायचासुद्धा नाही.

गेल्या वर्षी फुल्या वाढल्या. बायको विमलबाई म्हणायची, थकले असतील. राजपालला मात्र वहीवरून कळून चुकलं होतं. अकोल्याच्या डॉक्टरांनी नंतर तेच सांगितलं: विसरण्याचा आजार आहे, वाढत जाणार. तो वही घेऊन माझ्याकडे आला.

"मास्तर, आता तुमी विचारा. माहा हात सरकून राह्यला. चोरून पाह्यतो मी."

मला गलबलून आलं. आठवडाभर मी इमानदारीनं विचारलं. चूक म्हटलं की त्याचं तोंड एवढंसं व्हायचं. एका सकाळी तीन एचपीच्या मोटारीचे वेढे विचारले. वहीत चव्वेचाळीस होते.

"अडतीस," तो म्हणाला.

"बरोबर."

किती दिवसांनी त्याचा चेहरा खुलला! मग मला चटकच लागली. महिनाभर मी त्याला पास करत राहिलो, आणि वर स्वतःवर खूषही होतो.

तो वही न उघडता मोटारी बांधू लागला. गावातल्या भागवत शेतकऱ्याची तीन एचपीची मोटार चौथ्याच दिवशी जळून परत आली. वेढे कमी पडले होते. राजपालनं माझ्यासमोर वही उघडली आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मी भुलतो हे मले मालूम होतं, मास्तर. चुकला म्हनले असते तं वहीत पाहून बांधली असती. आनखी दोन वर्सं दुकान चाललं असतं माहं. खोटं काहून बोल्ले?"

मी माफी मागितली. तो "जाऊ द्या" म्हणाला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वही धरली. पहिलंच उत्तर बरोबर आलं, अगदी खरोखर बरोबर. मी तसं म्हणालो. त्यानं वही माझ्या हातातून ओढून घेतली, ओळ शोधली, बराच वेळ तिच्याकडे बघत राहिला.

"मी काय म्हनलो होतो?" त्यानं विचारलं.

मी आकडा सांगितला. त्याचा विश्वास बसला नाही. त्यानं पेन घेऊन फुली मारली.