ताप गेला, ठणका राहिला

व्हायरल तापानं आमचं घर धरलं ते पावसाळा सरता सरता. आधी मला आला, मग बायकोला. माझा चांगला हटून बसला. तिचा लवकर गेला, म्हणजे ती पुन्हा ओट्याशी उभी राहून भाकरी थापायला लागली तेव्हा तो गेला असं आम्ही धरलं. माझाही उतरला, पण जाताना डोकं तेवढं ठेवून गेला. सकाळी डोळे उघडायच्या आधीच कपाळात ठणका सुरू व्हायचा. दुपारी सोलापूरचं ऊन वर आलं की तो कानशिलात यायचा. चहा घेतला की घटकाभर बरं वाटायचं आणि पुन्हा पहिले पाढे पंचावन्न.

मी निवृत्त होईपर्यंत एसटीत तिकीट तपासायचं काम केलं. बार्शीच्या, वेळापूरच्या, अक्कलकोटच्या रस्त्यावर कुठंतरी मध्येच गाडी थांबवायची, वर चढायचं आणि आधी माणसं बघायची, तिकिटं मग. ज्याच्याकडे तिकीट नसतं तो एकदम खिडकीबाहेर बघायला लागतो. बाहेर नुसती उन्हानं भाजलेली रानं असली तरी मन लावून बघतो. नोकरी संपली, पण नजर काही संपली नाही. दूधवाला, केबलवाला, सोसायटीचा चेअरमन, कुणी सुटत नाही माझ्या हातून. बायको म्हणते, "घरात तरी खाकी उतरवा की."

शेवटी तिनं मला पेठेतल्या डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी डोळ्यांत बॅटरी मारली, मान वळवून पाहिली, प्रेशर घेतलं. म्हणाले, "व्हायरलनंतर काही जणांचं असं दुखत राहतं. काही आठवडे जातात. पाणी भरपूर प्या, झोप पुरी करा. आणि दुखलं की गोळी, दुखलं की गोळी असं करू नका, त्यानं दुखणं उलट चिकटून बसतं." मी उठलो. बायको उठली नाही.

"तुमी बसा की बाहेर जरा," ती म्हणाली. "मी आलेच."

मी बाहेर बाकावर बसलो. दार लोटलेलं होतं. डॉक्टरांचा आवाज येत होता, शब्द येत नव्हते. मला आत जेवढा वेळ लागला होता त्याहून कितीतरी जास्त वेळ ती आत होती. बाहेर आली ती पर्सची चेन लावत. रिक्षात बसल्यावर मी विचारलं, काय म्हणाले? "काय नाही. पाणी प्या म्हणाले," असं म्हणून ती रिक्षातून बाहेर बघायला लागली. बाहेर पंक्चरचं दुकान होतं. ती मन लावून बघत होती.

तिथं मला पहिल्यांदा संशय आला.

आमच्याकडे मोठा आजार पेशंटला सांगायची पद्धत नाही. डॉक्टर सांगतात ते नातेवाइकांना, पेशंटला बाहेर बसवून. माझ्या चुलत्याला शेवटपर्यंत पित्ताचा त्रास होता. म्हणजे त्याला तसं सांगितलेलं होतं. घरातली सगळी माणसं त्याच्याशी गोड बोलायची, जन्मभर ज्याला कुणी पाट दिला नाही त्याला सकाळ-संध्याकाळ खुर्ची मिळायला लागली, आणि तो बिचारा म्हणायचा, पित्त झालं की माणसाला किंमत येते. तेव्हा बाहेर बाकावर बसवलं याचा अर्थ काय होतो, हे मला कुणी शिकवायला नको होतं.

मी घर तपासायला लागलो.

पहिली गोष्ट म्हणजे बायको भांडेना. लग्न झाल्यापासून आमच्यात टीव्हीच्या आवाजावरून वाद आहे. मला बातम्या मोठ्यानं लागतात. आता मी आवाज मुद्दाम वाढवला तर ती उठून आत जायची. एकदा मी तिनं केलेल्या आमटीला नावं ठेवली. पूर्वी असं म्हटलं असतं तर माझ्या आईपासून सुरुवात झाली असती. ती नुसती "बरं" म्हणाली. 

मग जेवण बदललं. फोडण्या बंद. लसूण नाही, ठसका नाही, शेंगांची चटणी बाजारातून आणलेली. मऊ भात आणि पिवळं वरण. हे पथ्याचं जेवण होतं आणि पथ्य कुणाला, हे उघड होतं. दुपारी खिडक्यांवर जाड चादरी लावून खोलीत अंधार करून ठेवलेला. शेजारच्या यंत्रमागांचा खडखडाट येतो ती खिडकी तर कायमची बंद. मी म्हटलं, घर आहे की तळघर? ती म्हणाली, "डोक्याला बरं असतं." कुणाच्या, ते ती बोलली नाही, आणि मी विचारलं नाही. विचारायची गरजच काय होती!

मला भीती वाटत होती, हे सरळ सांगतो. मरणाची वाटत होतीच. पण त्याहून जास्त अशी, की सगळ्यांना माहीत आहे आणि मला एकट्याला नाही. आयुष्यभर मी दुसऱ्याची चोरी पकडली आणि आता माझ्याच घरात मी बेखबर बसलो होतो. डोकं ठणकलं की आत काय वाढतंय कोण जाणे, असं वाटायचं. मी आरशात एक डोळा झाकून बघायचो. एका रेषेत चालून बघायचो. पेपरातले मोठ्या आजारांचे लेख वाचायचो आणि त्यातलं प्रत्येक लक्षण मला बसायचं.

एका रविवारी धाकटा भाऊ बार्शीहून आला. हा माणूस कारणाशिवाय येत नाही. आला तो सफरचंदं घेऊन, आणि त्या दिवशी नेमकं नळाला पाणी आलं होतं. आमच्याकडे पाणी आलं की घरात धावपळ उडते, कारण पुन्हा कधी येईल याचा भरवसा नाही. जेवल्यावर स्वतःचं ताट न उचलणारा माझा भाऊ बाह्या सारून पिंपं भरायला लागला. बायको खुर्चीवर बसून त्याला सांगत होती. मयताच्या घरी पाव्हणे असेच न सांगता कामाला लागतात. मी दारात उभा राहून बघत होतो आणि मला माझंच तेरावं दिसत होतं.

जाताना तो मला कोपऱ्यात घेऊन म्हणाला, "अण्णा, वहिनीकडं बगा जरा."

"म्हणजे?"

"म्हंजी काय? बगा. त्यांचं करणारं हितं दुसरं कोण हाय?"

आता याहून स्पष्ट काय सांगायचं माणसानं? माझ्यामागं तिचं काय, एवढंच तो विचारत होता. तो गेल्यावर मी कपाट उघडून घराचे कागद, पासबुकं, विम्याची पावती एका पिशवीत घातली आणि ती पिशवी तिच्या साड्यांखाली ठेवली. ती दारातून बघत होती. "काय चाललंय?" म्हणाली. मी म्हटलं, "असू दे." तिनं कपाळ चोळलं आणि गेली. मला वाटलं, रडायला गेली.

मग पुण्याहून मुलगी आली. मध्येच, सुट्टी नसताना. आल्या आल्या दोघी स्वयंपाकघरात. मी पाणी प्यायला गेलो तर गप्प. मुलगी म्हणाली, "बाबा, आम्ही जरा जाऊन येतो. तुम्ही आराम करा."

"कुठं?"

"इथंच. थोडं काम आहे."

मुलगी खिडकीबाहेर बघत होती. आईवर गेली आहे.

मी चप्पल घातली आणि रिक्षात जाऊन बसलो. म्हटलं, माझं असेल ते मला बघू दे. पेशंटशिवाय रिपोर्ट कुणाचा आणायला निघालात? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. मुलगी काहीतरी सांगायला लागली तर बायकोनं तिचा हात दाबला. "येऊ दे," म्हणाली. "घरी बसून डोक्याला ताप करून घेतील."

रिक्षा थांबली ती स्कॅनिंग सेंटरपुढं. म्हणजे माझा अंदाज बरोबर होता. सांगतो, मला त्या क्षणी थोडं बरंसुद्धा वाटलं. काऊंटरवरची मुलगी म्हणाली, "पेशंटनी अंगावरचं धातूचं सगळं काढून ठेवायचं." मी एकही प्रश्न विचारला नाही. घड्याळ काढलं. अंगठी निघत नव्हती, ती थुंकी लावून काढली. कमरेचा पट्टा सोडला आणि पँट धरून, हे सगळं आमच्या मुलीकडे द्यायला म्हणून वळलो.

बायको मंगळसूत्र काढत होती.

एक क्षण माझ्या मनात जे आलं ते सांगायची लाज वाटते. मला वाटलं, एवढ्यात? मग तिच्या गळ्यात दुसरं काहीतरी दिसलं. पिवळा दोरा, त्याला हळकुंड बांधलेलं. गळा मोकळा राहू नये म्हणून बायका बांधतात तो. तिनं तो पदराखाली घरूनच बांधून आणला होता. मंगळसूत्र मुलीच्या हातात दिलं, बांगड्या दिल्या, मग वाकून जोडवी काढायला गेली आणि वाकताच तिनं भिंत धरली. मुलीनं खाली बसून तिची जोडवी काढली.

"तुझं दुखतंय?" मी विचारलं.

"तुमच्याबरोबरच की," ती म्हणाली. "ताप आला तवापासनं."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमचंच एवढं चाललेलं. त्यात माझं कुठं काढू?"

मुलगी माझ्याकडे न बघता म्हणाली, "डॉक्टरांनी तुम्हाला तपासलं त्याच दिवशी आईचं स्कॅन लिहून दिलं होतं. एकदा बघून घ्या म्हणाले. आई म्हणाली, तू आल्यावर जाऊ."

तिच्या डोक्यात तसलं काही निघालं नाही, हे इथंच सांगून टाकतो. तापानंतरचंच होतं, माझ्यासारखंच, फक्त जास्त. पण ते कळायला संध्याकाळ झाली. त्याआधी ती काऊंटरवरची मुलगी फॉर्म घेऊन आली आणि पेशंटच्या नातेवाइकांना विचारायचं म्हणून माझ्यापुढं उभी राहिली.

"मिस्टर ना तुम्ही? कधीपासून दुखतंय यांना? कुठल्या बाजूला? उलट्या होतात का? उजेडाचा त्रास होतो?"

माझ्या डोक्याचा इतिहास मला तासागणिक पाठ होता. मी एका हातात पट्टा आणि दुसऱ्या हातानं पँट धरून नुसता उभा राहिलो. काऊंटरवरच्या मुलीनं पुन्हा विचारलं.

बायको आतल्या दारापर्यंत गेली होती. तिथून वळून ती त्या मुलीला म्हणाली, "त्यांना नका विचारू. त्यांचं डोकं दुखतंय."