बॉक्सच्या खाली राहिलेल्या ओळी

नांदेडहून नाझियाचा मेसेज आला तेव्हा सकाळचे साडेसात झाले होते आणि मी लातूरला वर्गात शिरायच्या बेतात होतो. फोनच्या बंद पडद्यावर त्याच्या दोनच ओळी दिसल्या : "सर, फुफीनं नवीन आवृत्तीची सगळी पानं बघितली. त्या म्हणत होत्या की…" पुढे तीन टिंबं. फुफी म्हणजे तिची आत्या, आमच्या शमीम आपा. मला वाटलं, नेहमीचंच असणार. कुठल्या तरी पानावर माझा मजकूर जास्त झाला असेल. मी फोन खिशात टाकला आणि ओळीने दोन-दोन तासांचे तीन वर्ग घेतले. दुपारी दोन वाजता डबा उघडता उघडता मेसेज उघडला. पुढे लिहिलं होतं : "…सरांना एकदा भेटायचंय. डॉक्टरांनी रात्रीच सांगितलं, ज्यांना बोलवायचं त्यांना बोलवा. लवकर या." मी तसाच गाडीत बसलो. नांदेडला पोचलो तेव्हा कबरस्तानातून माणसं परत येत होती.

या गोष्टीला आता दीड महिना होऊन गेला. तरी अजून मला त्या तीन टिंबांचा राग येतो. आणि मग स्वतःचा.

शमीम आपा, शमीमबानू अत्तार, यांना लातूरच्या क्लासवाल्या गल्ल्यांमध्ये पाहिलेली माणसं पुष्कळ असतील, पण नावाने ओळखणारी फार थोडी. त्या डीटीपी करायच्या. म्हणजे आम्ही शिक्षक मंडळी कागदावर जे खरडतो ते टाईप करून, पुस्तकाच्या पानावर नीट बसवून द्यायच्या. माझ्या रसायनशास्त्राच्या नोट्सचं प्रत्येक पान त्यांच्या हातून गेलेलं आहे. मी कंधारहून लातूरला नोकरीला आलो ते भूकंपानंतरच्या वर्षी. तेव्हा शहरात मराठी टाईप होणारे कॉम्प्युटर बोटावर मोजण्याइतके होते. त्यातला एक गंजगोलाईजवळच्या एका टायपिंगच्या दुकानात होता आणि त्याच्यासमोर पंचविशीतल्या आपा बसायच्या. वडिलांचं अत्तराचं दुकान बसल्यावर घर त्यांच्यावर आलं होतं. मला त्यांनी पहिल्याच दिवशी समजावलं, "सर, ह्यात कागदावानी लिहीत जायचं नसतं. आधी बॉक्स आखायचा, मग त्यात मजकूर सोडायचा. बॉक्स भरला की उरलेलं आत जातं, दिसत न्हाई. जातं कुठं न्हाई पण, मागं असतंच." मी मान हलवली. मला काय करायचं होतं त्याच्याशी?

त्याच महिन्यात माझ्या समोर एक गोष्ट घडली. किल्लारीच्या बाजूच्या एका पडलेल्या गावातल्या, नवी घरं मिळणाऱ्या कुटुंबांची यादी छापायचं काम त्या दुकानात आलं होतं. आपांनी ती तीन उभ्या बॉक्समध्ये बसवली, तपासून दिली, सही झाली, गावात भिंतीवर लागली. पंधरा दिवसांनी मी माझी पानं न्यायला गेलो तर दुकानात गंगाबाई नावाच्या एक बाई उभ्या होत्या. नवरा आणि थोरला मुलगा भूकंपात गेलेले, धाकटी लेक सोबत. बाई ओरडत नव्हत्या, त्याचंच जास्त वाईट वाटत होतं. एवढंच म्हणत होत्या, "साहेबांनी दोनदा लिहून घेतलं माजं नाव. मग भितीवर कसं न्हाई? मी काय मेले का?"

आपांनी फाईल उघडली. तिसऱ्या बॉक्सच्या तळाशी एक बारीकशी लाल खूण होती. शेवटच्या घटकेला वरच्या सात नावांत आडनावं वाढवली होती, त्या ओळींच्या दोन-दोन ओळी झाल्या आणि खालची नावं बॉक्सच्या बाहेर ढकलली गेली. आपांनी बॉक्सची कड धरून खाली ओढली. एकामागून एक सात नावं वर आली. पाचवं गंगाबाईंचं.

"हाय की वो! इथंच हाय!" आपा म्हणाल्या आणि तिथंच रडायला लागल्या.

नाव सापडलं म्हणजे काम झालं, असं मला तेव्हा वाटलं. कसलं काय! सही झालेली यादी बदलायला नवा कागद लागत होता, नव्या कागदाला जुन्याचा हवाला, आणि चूक मशीनची असं म्हटलं की समोरचा हसायचा. "मशीन नाव गिळतं व्हय?" असं एकाने मला तोंडावर विचारलं. मी दोनदा सोबत गेलो आणि कंटाळलो. आपा मात्र दर आठवड्याला जीपने त्या गावाला जात राहिल्या, गंगाबाईंना घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहिल्या. दुकानाच्या मालकाने बोलून पाहिलं, घरच्यांनी बोलून पाहिलं. चार महिन्यांनी पुरवणी यादी निघाली. सातातल्या सहा जणांना घर मिळालं. सातवे एक म्हातारे होते, ते पत्र्याच्या शेडमध्येच वारले. त्यांचं नाव आपा कधी उच्चारत नसत. पण तेव्हापासून त्यांच्या हातून एकही पान तळ बघितल्याशिवाय सुटलं नाही.

पुढे लातूरला क्लासचा पूर आला. गल्लीगल्लीत पाट्या लागल्या, वसतिगृहं उठली, परभणी-हिंगोलीकडची पोरं ट्रंका घेऊन उतरू लागली. आपांनी स्वतःचं दुकान टाकलं आणि माझ्या नोट्सची दरवर्षी नवी आवृत्ती निघू लागली. आमची भांडणं तेव्हाची. मी लिहिणारा, मला प्रत्येक वर्षी चार ओळी जास्त सुचायच्या. पानं वाढली की क्लासचे लोक कुरकुर करायचे, म्हणून मी आपांना सांगायचो, बसवा कसंही. त्या म्हणायच्या, "सर, अक्षर बारीक केलं तर पोरांना दिसंना. ओळी जवळ घेतल्या तर वेलांट्या कापल्या जात्यात. हे मशीन इंग्रजीच्या मापानं केलेलं हाय, त्याला आपल्या काना-मात्रेची काय फिकीर? कोणत्या ओळी काढायच्या ते तुम्ही सांगा. मी तुमचा मजकूर कापणार न्हाई." एका वर्षी सराव परीक्षेची प्रश्नपत्रिका उद्यावर आली होती आणि त्यांनी पान अडवून धरलं. मी भर दुकानात बोललो, "आपा, मजकुराचं मला कळतं. तुम्ही ऑपरेटर आहात." त्यांनी फाईल माझ्या हातात दिली. मी ती दुसऱ्याकडून बसवून घेतली. परीक्षेला आठ प्रश्नांचा चौथा पर्यायच छापलेला नव्हता आणि त्यातल्या पाचांचं बरोबर उत्तर तेच होतं. पोरं रडली, पालक भांडायला आले.

मी माफी मागायला गेलो. खरं तर "माफ करा" हा शब्द मी काढलाच नाही. पेढे नेले होते. त्यांनी एक पेढा खाल्ला आणि विचारलं, "पोरांना ते मार्क दिले का?" दिले म्हणालो. "मग बसा, चहा सांगते," म्हणाल्या… विषय तिथं संपला. त्यांच्याकडून संपला.

शेवटच्या पाच-सहा वर्षांत क्लासने नोट्स मोबाईलवर द्यायला सुरुवात केली. तिथं पानच नव्हतं. ज्याच्या फोनची काच जेवढी रुंद, तेवढी ओळ. माझ्या रासायनिक अभिक्रिया मधूनच मोडायच्या, बाण एका ओळीच्या शेवटी आणि तयार झालेला पदार्थ खालच्या ओळीत. उणे चिन्ह वर राहायचं, आकडा खाली यायचा, आणि पोरगं आकडा अधिक समजायचं. आपांची दोन्ही मूत्रपिंडं तोवर थकली होती. डायलिसिससाठी त्या नांदेडला भावाकडे राहायला गेल्या होत्या. तरी चार वेगवेगळे फोन मांडून एकच पान चारींवर बघत बसायच्या. मी भेटायला गेलो की वैतागून सांगायच्या, "परत्येकाच्या हातात येगळं पान, सर. आता मी तळ बघू तर कुणाच्या फोनचा बघू?" मी ॲप करणाऱ्यांना कळवतो म्हणालो. कळवलंही. "टिकीट रेज केलंय," म्हणजे तक्रार नोंदवून घेतली, असं उत्तर आलं. अजून तेच उत्तर आहे.

गेल्या आठवड्यात नाझियाने लातूरचं दुकान पुन्हा उघडलं. ती आपांची भाची, काम त्यांच्याकडूनच शिकलेली. नव्या आवृत्तीचं पहिलं पान तेवढं लावायचं राहिलं होतं, त्यासाठी मी जाऊन बसलो. त्या पानावर लेखकाच्या माहितीचा एक चौकोन असतो, आकार क्लासने ठरवून दिलेला. त्यात माझं नाव आणि खाली माझ्या पदव्या, पुरस्कार, अनुभव. मी नाझियाला म्हणालो, खाली एक ओळ घाल, 'पानांची मांडणी : शमीमबानू अत्तार'. तिने क्लासच्या ऑफिसला फोन लावून विचारलं. तिकडून उत्तर आलं, त्या बॉक्समध्ये जागा नाही, डिझाईन फिक्स आहे, सरांना माहीत आहे.

"पुरस्कार काढ," मी म्हणालो.

तिने काढले. पुरस्कार अर्ध्याच ओळीचे होते, आपांची ओळ तरीही बसेना.

"अनुभव काढ. पदव्या पण काढ."

ती माझ्याकडे वळली. "सर, फुफीनं तुमचा मजकूर कधी कापला न्हाई."

"मी सांगतोय ना. काढ."

तिने ओळी काढल्या. माझ्या नावाखाली आपांचं नाव आलं, चांगलं ठसठशीत, वेलांटीसकट. नाझियाने पान एकदा तळापर्यंत बघितलं. मग हळूच म्हणाली, "आवडलं असतं का वो त्यांना?"

वीस आवृत्त्या निघाल्या आमच्या. नाव घालू का, असं मी त्यांना एकदाही विचारलं नव्हतं.