फ्लेक्सवरच्या झाडात आत्या नाही

ये गं पोरी, अशी जवळ बस. तू पुण्यात आणि मी धुळ्यात, पण जवळ बसलीस असं धरूनच लिहिते. थोडं रागवायचं आहे. श्रावणात कानबाईच्या सणाला तुझ्या वडलांनी, म्हणजे माझ्या धाकट्या भावानं, आपल्या घराण्याच्या वंशावळीच्या झाडाचा फोटो ग्रुपवर टाकला आणि त्याखाली सगळ्यात आधी हात जोडलेस ते तू. जरा मोठा करून पाहायचा होतास.

आपलं आडनाव असं, की शिंदखेड्याच्या बाजारात हाक मारली तर भाजीवाला, गिऱ्हाईक आणि बाजूचा हवालदार तिघंही वळून बघतील. त्यात माझ्या आजोबांचं नावही घरोघरी सापडणारं. ते कुठून तरी शिंदखेड्याकडे आले एवढंच आम्हाला ठाऊक. माझे वडील, काका तिथेच जन्मले, त्यांना तरी काय सांगता येणार.

तुझ्या वडलांच्या मनात आलं, की कानबाईला सगळे भाऊबंद जमतात तेव्हा झाड लावायचं. मला म्हणाला, "अक्का, तुला वाचायची हौस शे. तूच शोध." मी म्हटलं, शोधते, पण झाडावर आपली आत्या पाहिजे. तर म्हणाला, "आत्याबिगर झाड कसं व्हई?" माझ्या ओट्यावर बसून म्हणाला, चहाचा कप हातात होता.

ती आत्या तू पाहिली नाहीस. माझ्या वडलांची थोरली बहीण. लहानपणी लग्न झालं, लवकरच कपाळ पांढरं घेऊन परत आली, आणि आम्हा भावंडांना तिनंच वाढवलं. तुझे वडील तर तिच्याच कुशीत झोपायचे. ती सांगायची, "मी शाळामा गयेल शे." सगळे हसायचे. काका म्हणायचे, "हो, मास्तरीणच होती ती." ती भाकरी थापत राहायची.

शोधायला निघाले तर जिथे जावं तिथे आजोबा. शिरपूरकडच्या एका गावात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदीत ते सापडले म्हणून तुझ्या वडलांनी पेढे आणले. पुढची पानं उलटली तर तेच आजोबा माझ्या वडलांच्या जन्माआधी कितीतरी वर्षं वारलेले. मी म्हटलं, "पेढे तेवढे खाऊन घे." कागद जुने, अक्षर बारीक, बसून बसून कंबर धरायची. कचेरीतली माणसं विचारायची, "आजी, जमिनीचं काम आहे का?" नाही म्हटलं की त्यांना खरं वाटायचं नाही.

शेवटी आपल्या गावच्या शाळेत गेले. हेडमास्तर म्हणाले, वडील-काकांची नावं सांगा. म्हटलं, ते कुणी शाळेत गेलेच नाहीत, मुलींची बघा. आणि निघाली गं. आत्या. वडलांचं नाव, आडनाव. शाळा सोडण्याचं कारण: लग्न. जन्मस्थळाच्या रकान्यात रावेर तालुक्यातलं एक गाव. सगळ्या भावंडांत ती एकटीच तिकडे जन्मलेली, म्हणून त्या गावाचं नाव तेवढं तिच्यापुरतं लिहिलं गेलं. हेडमास्तरांनी पाणी आणून दिलं. मला काही झालं नव्हतं, फक्त ते काकांचं हसणं आठवलं.

मग रावेर. केळीच्या ट्रकांच्या रांगेतून वाट काढत कचेरी गाठली. गाव कळल्यावर काय अवघड. आत्याच्या जन्माची नोंद, आजोबा, त्यांचे वडील, आणखी वर एक पिढी. सगळं उतरवून मी तुझ्या वडलांच्या हातात दिलं. आत्याचं नाव लाल शाईनं लिहिलं होतं.

कानबाईच्या नैवेद्याचे रोट आपल्याकडे घरातल्या पुरुषांच्या नावानं मूठ मूठ गहू घेऊन करतात, आणि दिलेल्या लेकीनं ते खायचे नाहीत. त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. देवीचं आहे, चालत आलंय. मी लांब बसून पाहते. पण त्या दिवशी मांडवात फ्लेक्सवरचा पडदा काढला, आणि खोडापासून शेंड्यापर्यंत सगळे पुरुष. आत्या नाही. मी नाही. तूही नाहीस, तुझा भाऊ आहे.

तुझ्या वडलांना बाजूला घेतलं. म्हणाला, "अक्का, तुनं नाव सासरना झाडवर ऱ्हाई ना."

"आणि आत्याचं? तिला कुठलं सासर?"

"भाऊबंद म्हणनात, लेकीबाळी लिखाले लागूत ते जागा पुरणार नही."

"तू काय म्हणालास?"

तेवढ्यात कुणीतरी माइकवर त्याला बोलावलं. "आपलं मूळ गाव शोधून काढलं" म्हणून गळ्यात हार घातला, आणि त्यानं तो घालून घेतला. भाऊबंदांचं सोड, ते परके. हा तिच्या कुशीत झोपलेला.

मी त्याच्याशी बोलते. भाऊबीजेला ओवाळीनही. पण ओट्यावर येऊन बसला की आता मी चहा ठेवते आणि आतच थांबते.

तर तू ये. दिवाळीची वाट बघू नकोस, तुझ्या पोरीलाही आण. हेडमास्तरांना मी सांगून ठेवलंय. माझे पाय चालतात तोवर आपण तिघी शाळेत जाऊ, त्या पानावर तिचं नाव तुमच्या डोळ्यांनी वाचा. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी करीन, तिच्या हातासारखी नाही होत, पण करीन. लवकर ये गं.