पडजीभ, गोळ्या आणि इंजेक्शन

एकोणीसशे सत्तरच्या सुमारास मी बोरीवलीच्या एका लहान लॅबमध्ये तंत्रज्ञ होते. घरी थोरल्या जावेशी माझं पटत नव्हतं. एका स्वयंपाकघरात आमचे दोन स्टोव्ह होते. तिच्या शाळकरी मुलीचा घसा धरला, ताप चढला, तेव्हा सासूबाईंनी बोट हळद-मिठात बुडवून तिच्या घशातली पडजीभ वर दाबून उचलली. ताप तसाच राहिला. सकाळी मी मुलीच्या घशात कापसाचा बोळा फिरवून नमुना लॅबमध्ये नेला. जावेला विचारलं नाही. विचारलं असतं तर तिने नेऊ दिला नसता.

जंतू वाढवायच्या आमच्या प्लेटमध्ये मेंढीचं रक्त घातलेलं असे; तो बोळा मी त्यावर फिरवला. दुसऱ्या दिवशी त्या लाल थरावर बारीक ठिपके उगवले होते आणि प्रत्येकाभोवती पारदर्शक कडं होतं. तिथल्या रक्तपेशी जंतूंनी फोडल्या होत्या. या जातीचे जंतू घशात राहू दिले, तर त्यांच्याशी लढता लढता शरीर कधी कधी स्वतःच्याच सांध्यांवर आणि हृदयावर उलटतं. रिपोर्ट पाहून डॉक्टरांनी दहा दिवसांच्या पेनिसिलिनच्या गोळ्या दिल्या. ताप उतरताच जावेने त्या बंद केल्या आणि उरलेल्या पुढच्या आजारपणासाठी फडताळात जपून ठेवल्या.

काही आठवड्यांनी मुलीचा घोटा सुजला. ती सूज ओसरली तर गुडघा. सासूबाई म्हणाल्या, वाढीचं दुखणं आहे, तेल चोळा. डॉक्टरांना मात्र हृदयाच्या ठोक्यात वेगळा आवाज ऐकू आला. त्यांनी अंथरुणात विश्रांती सांगितली आणि मोठी होईपर्यंत दर महिन्याला पेनिसिलिनचं इंजेक्शन.

मुलगी पुन्हा धावू लागली, तशी जावेने इंजेक्शनंही थांबवली. दवाखान्यात चाळीतल्या बायका बसलेल्या असतात, उद्या स्थळ कोण आणणार, असं तिचं म्हणणं. मला मुलगी नाही, मला काय कळणार, हेही ऐकवलं. मी डॉक्टरांचं सांगणं पुन्हा समजावलं. ती पोळ्या लाटत राहिली.

"वहिनी, या आठवड्यात इंजेक्शन झालं नाही, तर नळावर मीच सगळ्यांना सांगेन, पोरीच्या हृदयात दोष आहे."

लाटणं थांबलं. "तू सांगशील?"

"सांगेन."

"वैरीण आहेस माझी."

"असू दे. पुन्हा घसा धरला तर हृदयाची झडप निकामी होईल तिची."

तिने एकच अट घातली: बोरीवलीत नाही. म्हणून मी मुलीला अंधेरीला नेऊ लागले. सुई जाड असे, येताना पोर लंगडत रडायची. चाळीत सांगायचं, दात दाखवायला गेलो होतो. जाऊ माझ्याशी बोलेनाशी झाली. पण महिना भरला की मुलीचा बाहेर जायचा फ्रॉक माझ्या अंगावर फेकायची.