टीबीला चालंल व्हय?

हुपरीहून कोल्हापूरला येणाऱ्या एसटीत एक कारागीर माझ्या शेजारी बसले होते. चांदीच्या कामानं बोटं काळवंडलेली, तोंडाला धुतलेला रुमाल. काय करता, असं त्यांनी विचारलं म्हणून मी माझं संशोधन रंगवून सांगितलं: जंतू नेमका हुडकणाऱ्या प्रतिपिंडावर, म्हणजे अँटीबॉडीवर, किरणोत्सारी कण बसवायचा आणि तिथंच जंतू मारायचा.

"टीबीला चालंल व्हय?"

"अजून उंदरांवरच प्रयोग चाललेत."

"मला हाय. गोळ्या लागू पडंनात."

मी चटकन खिडकीकडं सरकलो. त्यांनी पाहिलं आणि ते उठले.

"बसा पावणं, मी मागं हुबा ऱ्हातो. तुमी बरं ऱ्हायला पायजे. औषध तुमीच काढणार की."

कोल्हापूरपर्यंत ते दांडी धरून उभे होते. त्यांना 'बसा' म्हणायचं माझं धाडस झालं नाही, याची अजून लाज वाटते.