जागा कर, पण काही उडवू नको

टाइमकीपर काकाजी एकदा बोललेला शब्द मागे घेत नसत. असं कुणाबद्दल सांगितलं की लोक कौतुकाने मान हलवतात. आमच्या गल्लीत मात्र कपाळाला हात लावत. बालाघाट स्टेशनजवळच्या चहावाल्याशी त्यांचं कधीतरी साखरेवरून वाजलं होतं आणि ते भर दुकानात म्हणाले होते, "आता तुह्या दुकानात पाय नाही ठेवीन!" पण चहा तर त्याच्याच हातचा आवडायचा. मग रोज सकाळी काकाजी दुकानासमोर रस्त्यावर उभे, पाऊस असला तर छत्री धरून उभे, आणि चहावाला बिचारा कप घेऊन बाहेर येतोय. मी हे पहिल्यांदा पाहिलं तेव्हा आ वासून बघतच राहिले. विचारलं तर म्हणाले, "पाय नाही ठेवीन म्हनलं होतं. चहा नाही पिईन असं कुठं म्हनलं?"

तिरोडीच्या मँगनीजच्या खाणीत ते टाइमकीपर होते. कोण किती वाजता कामावर आला, किती वाजता गेला, ते टिपून ठेवायचं आणि उशीर झाला की अर्धा दिवस लावायचा, म्हणजे अर्ध्या दिवसाचा पगार कापायचा, हे त्यांचं काम. एकदा गाडी उशिरा आली म्हणून त्यांनाच उशीर झाला, तर त्यांनी स्वतःलाच अर्धा दिवस लावला. साहेब म्हणाले, अहो, तुमचा काय दोष? यांचं उत्तर तयार. "गाडी लेट होती हे खरं. पण मी बी लेटच होतो ना!" हा किस्सा ते स्वतःच दर आठवड्याला सांगत. रिटायर होऊन बालाघाटला आले तरी नाव टाइमकीपरच राहिलं. खरं नाव फक्त विजेच्या बिलावर असायचं.

मी लग्न होऊन राजेगावहून त्यांच्या शेजारच्या घरात आले आणि इथल्या एका शाळेत कम्प्युटर शिकवायला लागले. त्यामुळे त्यांच्यासाठी मी कायमची 'मास्तरीण'. ओळख झाली न झाली तोच त्यांनी मला घरी बसवून आपल्या रिटायरमेंटचा व्हिडिओ दाखवला. हार, शाल, नारळ, आणि संपता न संपणारी भाषणं. मध्येच थांबवून म्हणत, "हे पाह्य, इथं माह्या डोळ्यात पानी आलं." गल्लीतल्या एकाही माणसाची त्या व्हिडिओतून सुटका झाली नव्हती. त्यांचा कम्प्युटर जुना, गरम झाला की घरघरणारा. तो बैठकीच्या आतल्या भिंतीला लावलेला होता, त्यामुळे काकाजी रस्त्याकडे पाठ करून बसत. जाता-येता खिडकीतून त्यांचं टक्कल आणि बनियन दिसायची.

तो कम्प्युटर घेतला होता मुलीच्या कॉलेजसाठी. मुलगी मी कधी पाहिली नव्हती, तिच्याबद्दल ऐकलं ते गल्लीतच. एकुलती एक, मीना नाव. आई गेल्यावर रायपूरला नोकरीला लागली आणि लग्न स्वतःच ठरवून बसली. काकाजी म्हणाले, "या घरात तुहा फोटो बी नाही राह्यणार. अन् मी फोन बी नाही करीन." त्याच संध्याकाळी त्यांनी भिंतीवरचे तिचे सगळे फोटो उतरवून तिच्या पेटीत भरले. तीही त्यांचीच मुलगी, पेटी उचलून गेली ती परत आली नाही. बैठकीच्या भिंतीवर नुसते खिळे उरले होते. मी एकदा न राहवून म्हटलं, "काकाजी, हे खिळे तरी काढून टाका." ते म्हणाले, "खिळे काढले तर भित खराब होते."

मग एके दिवशी कंपाउंडवरून हाक आली, "मास्तरीण, लाल पट्टी आली!" कम्प्युटरमधली जागा संपत आली की तिथली निळी पट्टी लाल होते, एवढं त्यांना माहीत होतं. मी गेले. बसायच्या आधीच त्यांनी अट घातली, "जागा कर, पण काही उडवू नको."

मला हसावं की रडावं कळेना. "काकाजी, भरल्या डब्यात आणखी तांदूळ कसे मावतील?"

"तू मास्तरीण आहेस ना?"

मी त्यांचे फोल्डर न उघडता कचरापेटी रिकामी केली, नको असलेल्या तात्पुरत्या फायली काढल्या, जुन्या अपडेटचा गाळ उपसला. पट्टी निळी झाली. थोडे दिवस गेले आणि पुन्हा लाल! पुन्हा उपसा केला, पुन्हा लाल. व्हायरस असेल म्हणून तपासलं, तर तोही नाही. हा माणूस सिनेमे बघत नाही, गेम खेळत नाही, मग जागा जाते कुठे? मी चिडून विचारलं, "चोरून काय उतरवून राह्यले तुम्ही?" तर नुसते हसले आणि चहा टाकायला आत गेले.

त्यानंतर एका रविवारी ते स्वतःच माझ्या दारात येऊन उभे राहिले. दाढी वाढलेली, चेहरा पार उतरलेला. पट्टी काठोकाठ भरली होती. "आज कर, मास्तरीण. आत्ताच कर." एका कम्प्युटरच्या पट्टीसाठी कुणी इतकं हवालदिल होतं का? मी घाबरूनच गेले आणि एकेक फोल्डर उघडून बघायला लागले.

पहिला धक्का तिथेच बसला. रिटायरमेंटचा व्हिडिओ जागेवर नव्हता.

"काकाजी, तुमचा व्हिडिओ?"

"उडवला."

"अहो! आणि मला सांगता, काही उडवू नको?"

"तुले म्हनलं. माहं मी उडवीन."

त्यांच्या आवाजातली भजनं नव्हती. खाणीतले फोटो नव्हते. गेलेल्या काकीजींचे फोटो मात्र होते, पण चमत्कारिक अरुंद. मी रोखून बघितलं तेव्हा ते ओशाळून म्हणाले, "दोघांच्या फोटोतला मी कापला. अर्धा फोटो, अर्धी जागा." मला हसूच फुटलं. मग पुढचा फोटो उघडला. काकीजी खुर्चीत बसल्या होत्या आणि त्यांच्या खांद्यावर पाच बोटं होती. बोटांमागे माणूस नव्हता.

या माणसाने स्वतःला या कम्प्युटरमधून पुसून टाकलं होतं. कुणासाठी?

सगळ्यात जड फोल्डर मी उघडला आणि पडदा फोटोंनी भरून गेला. एक तरुण बाई, काकाजींचंच धारदार नाक असलेली. तिच्या कडेवर बाळ. तेच बाळ रांगताना, पहिल्या बुटांत, शाळेच्या गणवेशात, समोरचे दात पडलेलं. शेकड्यांनी फोटो.

"ही पोरगी कोण?" मी विचारलं.

काकाजी खाली बघत म्हणाले, "माही नात."

काकाजींना नात आहे, हे साऱ्या गल्लीत कुणालाच माहीत नव्हतं. मग हळूहळू उलगडा झाला. कम्प्युटरवर मीनाचं जुनं खातं तसंच चालू होतं. ती मोबाइलवर काढेल तो प्रत्येक फोटो आपोआप इथे येऊन पडत होता. मुलीचा संसार वाढत होता आणि बापाची जागा संपत होती.

"मी नाही आनले," काकाजी एकदम म्हणाले. "ते आपले येऊन राह्यले. अन् मी घरात फोटो नाही राह्यणार म्हनलं होतं. मशीनीत कुठं म्हनलं?"

चहावाल्याचीच गोष्ट! पण यावेळी मला हसू आलं नाही, कारण त्यांनी शेवटच्या फोटोवर बोट ठेवलं. नात दवाखान्याच्या खाटेवर निजलेली, हाताला सलाइन. त्यानंतर एकही फोटो नाही. जागाच नव्हती.

"पोरगी बरी झाली का नाही, मले कसं समजंल?" त्यांचा आवाज फुटला. "जागा कर ना, मास्तरीण."

"फोन लावा काकाजी! आत्ताच्या आत्ता लावा!"

"फोन नाही करीन म्हनलं आहे."

"चुलीत घाला तुमचं म्हननं!" मी ओरडले. वडीलधाऱ्या माणसावर मी आयुष्यात तेवढी एकदाच ओरडले आहे. मग मी तणतणत घरी गेले, शाळेच्या कामासाठी घेतलेली बाहेरून जोडायची मोठी डिस्क आणली आणि तो अख्खा फोल्डर तिच्यावर हलवून नवे फोटोही तिथेच उतरतील असं केलं. आम्ही दोघं पडद्याकडे डोळे लावून बसलो.

फोटो एकेक करून यायला लागले. आधी पुन्हा सलाइनच. मग नात उशीला टेकून बसलेली. मग चमच्याने खिचडी खाणारी. मग घरी, जीभ काढून दाखवणारी. काकाजींनी बनियनने डोळे पुसले आणि मोठ्याने हसले. "पाह्य, जीभ दाखवून राह्यली माकडीन!"

त्यानंतर आणखी एक फोटो आला आणि माझ्या अंगावर काटा उभा राहिला. त्यात नात नव्हती. एक बंद फाटक होतं, त्याच्यामागे तुळस, त्याच्यामागे खिडकी. खिडकीत एक टक्कल आणि पांढरी बनियन, कम्प्युटरसमोर वाकलेली.

काकाजी पडद्याजवळ सरकले. मग वळून त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. रस्त्यावर कुणीच नव्हतं.

"ती आलती," ते म्हणाले. "मास्तरीण, ती आलती. इथं फाटकापाशी उभी होती, अन् मी पाठ करून तिचे फोटो पाह्यत बसलो होतो."

मग त्यांनी पडद्यावरच्या फोल्डरवर बोट ठेवून विचारलं, "याच्यात इकडून काही टाकलं तर तिले दिसते का?"

"हौ, दिसते."

ते उठले. आत जाऊन इस्त्रीचा सदरा घालून आले, बाहेर गेले आणि फाटक सताड उघडून त्याच्या कडीवर हात ठेवून रस्त्यावर उभे राहिले. "काढ," म्हणाले. हसले नाहीत. मी फोटो काढून त्या फोल्डरमध्ये टाकला, तो गेल्याची खूण उमटली. त्यानंतर फाटक त्यांनी लावलंच नाही. गाई आत शिरून मेथीचा वाफा खाऊन गेल्या. मी हाकलायला धावले तर म्हणाले, "खाऊ दे. फाटक लावू नको."

मीना आली, नवऱ्याला आणि लेकीला घेऊन. मी कंपाउंडपाशीच होते. काकाजींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं आणि कसाबसा आवाज काढून म्हणाले, "लेट आलीस. अर्धा दिवस लावतो."

"हौ बाबा," ती म्हणाली. "गाडी लेट होती."

"मी बी लेटच होतो," ते म्हणाले, आणि कडीला धरून लहान पोरासारखे रडले.

मीनाने नंतर मला सांगितलं की घरचा कम्प्युटर चालू झाला की तिला मोबाइलवर ते दिसायचं. "मंग मले वाटे, बाबा ठीक आहेत. अचानक दिसनंच बंद झालं. मी घाबरून धावत आली." कम्प्युटर भरल्यामुळे इकडे बाप घाबरला होता आणि तिकडे मुलगी! बापाची पाठ हलताना दिसली आणि ती तशीच परत गेली. "हाक काहून नाही मारली?" मी विचारलं. ती म्हणाली, "मी बी त्याइचीच पोरगी ना."

भिंतीवर तिचा फोटो मात्र काकाजींनी शेवटपर्यंत लावला नाही. ती दर सणाला येऊन त्याच भिंतीखाली बसायची. तिने मोबाइल उचलला की काकाजी बाजूला सरकत, "माह्या फोटोनं जागा जाते."

गेल्या हिवाळ्यात काकाजी गेले. तेरवीला फोटो हवा होता. मीना कम्प्युटरसमोर बसली आणि फोल्डरमागून फोल्डर उघडत गेली. सगळीकडे तिचंच तोंड, तिच्याच लेकीचं तोंड. तिने माझ्याकडे पाहिलं. चेहरा पांढराफटक पडला होता. "बाबाचा दुसरा एकही नाही?" मग मला सगळं सांगावं लागलं. व्हिडिओ कुठे गेला, भजनं कुठे गेली, आईच्या खांद्यावरची बोटं कुणाची. ती त्या बोटांवर हात फिरवत किती वेळ बसून होती. आधार कार्डावरचा फोटो तर असा की काकाजींनीही स्वतःला ओळखलं नसतं. शेवटी उरला तो एकच फोटो, मी फाटकापाशी काढलेला.

तो मोठा करून मीनाने बैठकीतल्या खिळ्यावर लावला. तेरवीला आलेले कुणीतरी पाहुणे बराच वेळ त्याच्याकडे बघत होते. त्यांनी विचारलं, "काकाजी घराच्या बाहेर काहून उभे आहेत?"

मीना पानं वाढत होती. वाढता वाढताच म्हणाली, "माही वाट पाहून राह्यले."