चटका न बसणारी करंगळी

डोळे मिटून मी वाट पाहत होते. डॉक्टर माझ्या उजव्या हाताला पेनाचे टोक हलकेच टेकवत होते आणि जिथे लागेल तिथे मी डाव्या हाताचे बोट ठेवायचे होते. चार-पाच वेळा ठेवलेही. मग ते थांबले असे मला वाटले.

"उघडा डोळे," ते म्हणाले.

पेनाचे टोक माझ्या करंगळीवर टेकलेलेच होते.

"कुष्ठरोग आहे. घाबरू नका, बरा होतो."

मी तर भाजलेल्या करंगळीला मलम घ्यायला आले होते.

मी कुरखेड्याची. धान पिकवणाऱ्या आमच्या घरातली पहिली पदवीधर. बी.ए. झाल्यावर बचत गटात शोभेच्या टाइल्स करायला लागले. टाइलवर चिकट शाईचा ठसा उमटवायचा, वर एम्बॉसिंग पावडर म्हणजे रंगीत, बारीक भुकटी भुरभुरायची, जास्तीची झटकायची आणि हीट गनची गरम हवा द्यायची. भुकटी वितळते आणि मोहाचे पान किंवा मोर चकचकीत होऊन वर उठतो. साध्या टाइलमधून मोर उठताना पाहिला की अजूनही मला बरे वाटते.

कधी भुकटी कडेला वाहून येते. बाकीच्या बाया ती काडीने सारखी करत, मी करंगळीने करायची. काम पटकन होई. गटप्रमुख सुनंदामावशी सगळ्यांना सांगत, "वनिताचा हात पाहा. इले चटकाच नाई लागत. पक्का हात हाय पोरीचा!"

आमच्याकडे चुलीवरचा गरम गंज, म्हणजे पातेले, उघड्या हाताने उतरवणाऱ्या बाईचे असेच कौतुक होते. मलाही ते गोड लागायचे. चटका न बसणे हे लक्षण असेल, हे मावशींच्या मनात आले नाही आणि माझ्याही नाही.

डॉक्टरांनी माझे कोपर चाचपले. तिथून करंगळीकडे आणि शेजारच्या अनामिकेकडे जाणाऱ्या शिरेला 'अल्नर नर्व्ह' म्हणतात. ती सुजून दोरीसारखी लागत होती, म्हणून दोन्ही बोटे बधिर होती. हातावरचा फिकट चट्टा मी उन्हाचा समजत होते. त्याला खाज नव्हती, दुखणेही नव्हते.

औषधाला 'एमडीटी' म्हणतात, म्हणजे दोन-तीन औषधांचे मिळून एक पाकीट. ते सरकारी दवाखान्यात फुकट मिळते. महिन्याची मोठी मात्रा घेतली त्या दिवशी लघवी लाल झाली आणि मी घाबरून रडले. औषधाचा रंग उतरतो, इतकेच. तुम्हाला झाले तर रडू नका. शिरेची सूज उतरायला 'प्रेडनिसोलोन' वेगळे दिले. त्याने भूक इतकी लागे की आई म्हणायची, "औषध खाऊन राह्यली का भात?"

आईने दवाखान्यात एकच प्रश्न विचारला होता. "डॉक्टरसाहेब, इचं ताट वेगळं ठेवू काय?"

"आई, एकाच ताटात जेवा. शिवल्याने, सोबत जेवल्याने हा पसरत नाही. आता तर औषध सुरू झालंय."

त्या दिवशी घरी आईने खरेच एका ताटात वाढले. मी ताटाच्या कडेकडेनेच खात होते. तिने निवांत जेवण केले.

मला वेगळीच काळजी होती. डॉक्टरांनी हीट गन बंद केली होती. "बोटांना चटका कळल्याशिवाय गरम कामाला हात लावायचा नाही. शीर किती परत येईल, आज सांगता येणार नाही." माझी कमाई आणि माझा आनंद, दोन्ही त्या गरम हवेपाशी होते.

गटाला काय सांगावे, हे ठरवायला मला वेळ लागला. शेवटी सगळे सांगितले. मावशी म्हणाल्या, "मंग ठसे मारायले काय झालं? गन मी धरतो. बसून राहाचं सोंग नको करू."

मग त्यांनी कापूस मागवला आणि प्रत्येकीला डोळे मिटायला लावले. मी कापूस हलकेच टेकवून एकेकीचा हात तपासू लागले.

"मावशी, तुम्ही पाहून राह्यल्या."

"नाई वो! एकच डोळा उघडा हाय."

तेव्हापासून मी ठसे मारत होते आणि मावशी गन धरत. दर महिन्याला दवाखान्यातल्या बाकावर बसायचे, डोळे मिटायचे. रोज हात पाण्यात भिजवून तेल लावायचे, बोटे ताणायची. चार महिने काहीच फरक नव्हता.

एका दुपारी मावशींनी गरम टाइल खाली ठेवली. मी जुन्या सवयीने ती सरकवायला गेले आणि अनामिकेला जोरात चटका बसला. मी ओरडले. मग हसूच आवरेना.

"येडी झाली काय वो? भाजलं तं हासून राह्यली!" म्हणत मावशींनी माझा हात पाण्यात दाबून धरला. त्यांना कळले तेव्हा त्याही हसल्या आणि पदराने डोळे पुसले.

आता औषध संपले आहे. अनामिका परत आली, करंगळी नाही आली. डॉक्टर म्हणाले, तिला जे कळत नाही ते डोळ्यांनी पाहायचे. मला हातमोजा घालून गन धरायची परवानगी मिळाली.

तुमच्या घरात कुणाचा हात असा पक्का झाला असेल, तर कौतुक करण्याआधी त्याला डोळे मिटायला सांगा आणि कापूस फिरवा. मला हे डॉक्टरांनी शिकवले. त्यांची, आईची आणि मावशींची मी ऋणी आहे.

काल मी पुन्हा स्वतः मोर वितळवला. एक पंख थोडा वाकडा उठला. मावशींनी तीच टाइल विकायला सगळ्यांत पुढे ठेवली.